ऐनाच्या बारा फळ्या

आमच्या केंद्राचं काम एका वाक्यात सांगता येतं. कुठलं लाकूड किती वजनाचं, किती भार सोसतं, वाळताना किती आकसतं आणि किती दिवसांत किडतं, हे मोजायचं आणि लिहून ठेवायचं. मी तळा गावात राहतो आणि सत्तावीस वर्षं याच केंद्रात नोकरी करतो. सुरुवातीला तपासणी सहायक होतो, आता भांडार माझ्या ताब्यात आहे. ऐन, किंजळ, फणस, उंडी, शिवण, सागवान अशा चाळीसएक जातींचे ठोकळे मी कापले, वाळवले, तोलले आणि मोडले असतील. मोडले म्हणजे यंत्रात घालून मोडेपर्यंत दाबले. किती भाराला मोडलं तो आकडा लिहायचा.

आकड्यांचा मला पहिल्यापासून नाद आहे. घरात गॅसचं सिलिंडर लावल्याची तारीख मी भिंतीवर पेन्सिलीने लिहितो. बायको म्हणते, "तुमच्याबरोबर संसार म्हणजे जनगणनेत राहिल्यासारखं आहे." तिचं म्हणणं मला कधी टोचलं नाही. मोजणारा माणूस फसत नाही आणि दुसऱ्याला फसवत नाही, असं मी मानत होतो. यातलं निदान दुसरं अर्धं खोटं आहे, हे सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

एकवीस वर्षांपूर्वी आमच्याकडे खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या लाकडांचं काम आलं. खाडीच्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक जीव असतो. लोक त्याला किडा म्हणतात, पण खरा तो शिंपल्याच्या जातीतला. शिरताना तो टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडतो आणि आत गेल्यावर बोटाएवढी बिळं करतो. बाहेरून फळी धडधाकट दिसते, उचलली की हलकी लागते, कापली की आत जाळी. होडीच्या लाकडाचा खरा वैरी तोच. सहा जातींच्या प्रत्येकी बारा फळ्या दिघीच्या जुन्या धक्क्याखाली दीड वर्ष टांगून ठेवायच्या आणि मग वजन किती घटलं ते पाहायचं, असं ठरलं होतं.

पाच जातींचं लाकूड आमच्याकडे होतं. ऐन नव्हता. कुणीतरी सांगितलं, दिघीला खाडीच्या काठावर एक होड्या बांधणारे मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे ऐनाशिवाय दुसरं काही मिळणार नाही. मी आगरदांड्याहून फेरीबोटीने पलीकडे गेलो.

मिस्त्री तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. अंगात बनियन, कानावर पेन्सिल. त्यांच्या मांडवात एक जुनी होडी डागडुजीला लावलेली होती. मी काम सांगितलं. त्यांनी पटाशी बाजूला ठेवली.

"म्हंजे लाकूड पान्यात बुडवून बघनार. येवढंच ना?"

"हो."

"मग आमी काय करतो इतकी वर्षं?"

"तुम्ही लिहून ठेवत नाही," मी म्हणालो.

ते हसले. "ह्ये बाकी खरं बोललात, भाऊ. लिवायचं न्हाय जमत."

मग ते मला काठावर घेऊन गेले. ओहोटी होती. चिखलात चार-पाच ओंडके अर्धे रुतलेले होते आणि त्यांतला एक फार मोठा होता. तो पुढच्या होडीचा कणा. होडीच्या तळाशी पुढून मागे जाणारं ते एकच सलग लाकूड, ते लोक त्याला पठाण म्हणतात. मिस्त्रींची रीत अशी होती की झाड वद्य पक्षात तोडायचं, तेसुद्धा शेवटच्या पाच-सहा दिवसांत, आणि मग एक अख्खा पावसाळा खाडीच्या चिखलात पुरून ठेवायचं. असं लाकूड किडा धरत नाही, हे त्यांच्या वडिलांनी आणि चुलत्यांनी त्यांना सांगितलं होतं. वखारीतून आणलेलं ऐनाचं लाकूड दिसायला तेच, पण ते कधी तोडलं कुणाला ठाऊक, आणि चिखल तर त्याने पाहिलेलाच नसतो.

या सगळ्यात त्यांचं एक काम अडलेलं होतं, तेही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. आगरदांड्याच्या एका नाखव्याला नवी होडी हवी होती. आधीच्या दोन होड्या मिस्त्रींनीच बांधलेल्या. पण नाखव्याचं मन फायबरकडे गेलं होतं. तो म्हणत होता, तुमच्या लाकडाची खात्री काय? मिस्त्री म्हणाले, "तो कागद मागतो. बापाचं नाव सांगून चालत न्हाय आता. तुमचा कागद आला की दाखवीन त्याला. तंवर थांब म्हनालोय. पठान चिखलात पडून हाय, त्याला काय घाई न्हाय."

त्यांनी मला बारा फळ्या दिल्या. हातभर लांब, दोन ढिगांतून हाताला येतील तशा उचललेल्या. काही वखारीच्या, काही त्यांच्या रीतीच्या. देण्याआधी प्रत्येक फळीच्या टोकावर त्यांनी पटाशीने खाच मारली. वखारीच्या फळीला एक, स्वतःच्या फळीला दोन.

"खाच बघा म्हंजे चुकनार न्हाय," ते म्हणाले. "एक खाच बाजाराची, दोन खाचा माझ्या. आनि जमलं तर तिथी पन लिवा. सांगू का?"

मी म्हणालो, "नंतर सांगा, छापील तक्ता घेऊन येतो." मी काही तक्ता घेऊन गेलो नाही.

केंद्रात आल्यावर मी फळ्या कापायला घेतल्या. नमुना तीस सेंटीमीटर लांब, दहा रुंद, अडीच जाड. लाकडाच्या टोकांना वाळताना चिरा पडतात, म्हणून दोन्ही टोकं कापून मधला भाग घ्यायचा, असा नियम होता आणि तो बरोबर आहे. पहिली फळी यंत्रावर ठेवली तेव्हा दोन खाचा मला दिसल्या. मी थांबलो, हे मला नीट आठवतं. छापील तक्त्यात रकाने होते: जात, लांबी, रुंदी, जाडी, वजन, ओलावा, मिळाल्याची तारीख. खाचेला रकाना नव्हता. तोडणीच्या तिथीला तर नव्हताच. शेवटी शेरा म्हणून एक रकाना होता, पण त्यात आम्ही गाठ, चीर असलं लिहायचो. मी साहेबांना विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण वद्य पक्ष आणि चिखल हे शब्द तोंडाने उच्चारायची मला लाज वाटली. मनाशी म्हणालो, जात ऐन आहे ना, मग ऐन ते ऐन. आणि टोकं कापली.

त्यानंतर बाराही नमुने, पत्ते पिसावेत तसे, एकमेकांत मिसळले आणि एकपासून बारापर्यंत क्रमांक टाकले. मोजणाऱ्याच्या मनाचा कल आकड्यांत उतरू नये म्हणून असं करतात. हाही नियम बरोबरच आहे.

चोवीस टोकं उरली. केंद्रातला टाकाऊ माल घरी न्यायला परवानगी लागते. मी अर्ज केला, तुकडे तोलले, तीन किलो आठशे ग्रॅम भरले, तेवढे फाटकावरच्या वहीत लिहिले, सही केली आणि पोत्यात घालून घरी नेले. आमच्याकडे तेव्हा अंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब होता. चार-सहा दिवसांत तुकडे संपले. ऐन चांगला जळतो. निखारा बराच वेळ राहतो, हेही मी तेव्हा बायकोला कौतुकाने सांगितलं होतं.

फळ्या चौकटीत बसवून धक्क्याखाली टांगल्या त्या दिवशी मिस्त्री कुठल्याशा लग्नाला गेले होते. पुढे दर तीन महिन्यांनी आम्ही चौकट वर काढून पाहायचो तेव्हा ते यायचे, पण फळ्यांवर शंख-शिंपल्यांचा थर चढलेला असायचा, टोकं दिसायची नाहीत. ते विचारायचे, "काय म्हनतायत आमची पोरं?" मी म्हणायचो, "अजून बुडालेलीच आहेत." दोघंही हसायचो. खरं सांगतो, खाचांचा मला पूर्ण विसर पडला होता.

दीड वर्षाने सगळ्या फळ्या केंद्रात आणल्या, खरवडल्या, वाळवल्या आणि तोलल्या. पाच जातींचे आकडे जिथल्या तिथे होते. एका जातीच्या बाराही फळ्या साधारण सारख्याच खाल्लेल्या किंवा सारख्याच टिकलेल्या. ऐनाचा तक्ता मात्र मला कळेना. पाच फळ्यांचं वजन जवळजवळ जसंच्या तसं. सात फळ्या निम्म्याहून हलक्या, हातात घेतल्यावर बिस्किटासारख्या. मधली एकही नाही. मी पुन्हा तोललं. तराजू तपासला. पुन्हा तोललं. आणि तिसऱ्या खेपेला, क्रमांक पाच तराजूवर असताना, मला खाचा आठवल्या.

सुरुवातीची वजनं काढून पाहिली, त्यांतून काही निघतं का म्हणून. निघेना. किती फळ्यांना एक खाच होती आणि किती फळ्यांना दोन, एवढं तरी आठवावं. तेही मी मोजलं नव्हतं. घरातल्या सिलिंडरचे दिवस मोजणारा माणूस मी.

अहवालात बारा फळ्यांची सरासरी गेली. सरासरी नेहमी मधे येते. ऐनापुढे लिहिलं गेलं, 'टिकाऊपणा मध्यम.' मध्यम अशी एकही फळी त्या बारांत नव्हती.

अहवालाची प्रत घेऊन मी दिघीला गेलो. टपालाने पाठवता आली असती, पण फळ्या दाखवायचा शब्द दिला होता, म्हणून त्याही पोत्यात घातल्या. मांडवात नाखवाही बसलेला होता. मिस्त्रींनीच त्याला बोलावून घेतलं होतं. चहा झाला. नाखव्याने कागद हातात घेतला, बोट ठेवून वाचला आणि विचारलं, "मध्यम म्हंजे किती वर्सं?"

"तसं सांगता येत नाही," मी म्हणालो.

"मग कागद कशाला?"

मिस्त्रींचं लक्ष कागदाकडे नव्हतंच. ते पोत्यातून फळ्या काढून एकेक हातावर तोलत होते. सात एका बाजूला टाकल्या, पाच दुसऱ्या बाजूला ठेवल्या. चेहरा एकदम उजळला. "ह्या बग," ते नाखव्याला म्हणाले, "ह्या पाच माझ्या. चिखलातल्या. बाकीचं वखारीचं खत."

नाखवा हसला. "वा रे मिस्त्री! चांगल्या निघाल्या त्या तुज्या आनि सडक्या त्या वखारीच्या. आसं मी बी सांगंन."

"खाच हाय ना टोकावर. दोन खाचा. भाऊंना इचार."

नाखवा माझ्याकडे वळला. "काय वो भाऊ? हायेत खुना?"

दोघंही माझ्याकडे पाहत होते. 'मी कापल्या' एवढे दोन शब्द होते. मी म्हणालो, "खुणा पाण्यात गेल्या. दीड वर्षात झिजल्या."

मिस्त्रींनी हातातल्या फळीचं टोक पाहिलं. त्यावरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्या फळीचं पाहिलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि फळी खाली ठेवली. म्हणाले, "आसंल. खारं पानी हाय."

नाखव्याने त्याच मोसमात फायबरची होडी आणली. मी फेरीबोटीने परत आलो आणि फळ्या पत्र्याच्या पेटीत घालून भांडारात ठेवल्या.

यानंतर दिघीला जाण्याची कामं निघाली ती मी दुसऱ्यांना सांगितली. कारणं मिळत गेली. कधी मुलीची परीक्षा, कधी माझी पाठ. मिस्त्रींनी पुन्हा होडी बांधली नाही, दारं-खिडक्या करतात, एवढं कानावर आलं होतं.

गेल्या वर्षी आम्ही स्वयंपाकघरातली लादी बदलली. जुन्या जमिनीला उतार होता, त्यामुळे भांड्यांच्या कपाटाच्या एका पायाखाली लाकडाचा तुकडा घातलेला होता. गवंड्याने तो काढून ओट्यावर ठेवला. मी केराच्या बादलीत टाकायला उचलला, तर टोकावर पटाशीच्या दोन खाचा.

"हा कुठून आला?" मी बायकोला विचारलं.

"अहो, तुम्हीच नव्हतं का पोतं भरून जळण आणलं? त्यातला काढून ठेवला होता. कपाट डुगडुगायचं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही उतार मोजत बसला असता."

तुकडा तोलला. एकशे बासष्ट ग्रॅम. दुसऱ्या दिवशी केंद्रात नेला. भांडारातली पेटी उघडली आणि बाराही फळ्यांच्या दोन्ही टोकांच्या पातळ चकत्या कापून आतलं ताजं लाकूड उघडं केलं. ऐनाच्या लाकडात काळपट रेघा असतात, आणि एका फळीच्या दुसरीसारख्या नसतात. तुकड्याची कापलेली बाजू एकेका फळीला लावून पाहिली. क्रमांक सातच्या डाव्या टोकाला रेघांना रेघा मिळाल्या. सगळ्या, कडेची बारीक रेघसुद्धा. क्रमांक सात ही न किडलेल्या पाचांपैकी.

बारातली एक. एका फळीवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कुणी सांगायला नको. पण मिस्त्री तेव्हा जे म्हणाले, त्यातलं एका फळीपुरतं तरी खरं होतं, आणि हे ठाऊक असलेला मी एकटाच होतो. तीन आठवडे गेले. मग मी ऐनाची नोंदवही आणि क्रमांक सातची फळी बाहेर नेण्याची लेखी परवानगी घेतली, फाटकावर सही केली आणि आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला गेलो.

मांडव आता नाही. त्या जागी पर्यटकांच्या गाड्या लागतात. मिस्त्री घराच्या पडवीत बसून वल्ह्याची मूठ तासत होते. केस पांढरे, हात थोडे कापतात, पण पटाशी लागल्यावर कापत नाहीत. मला त्यांनी लगेच ओळखलं.

"भाऊ! लई दिवस मोजलेत आमच्याकडं यायला."

मी तुकडा त्यांच्या हातात दिला. मग क्रमांक सातची फळी दिली. त्यांनी दोन्ही जुळवून पाहिलं, खाचांवर नख फिरवलं.

"खुणा पाण्यात गेल्या नव्हत्या," मी म्हणालो. "मी कापल्या होत्या. फळ्या तक्त्याच्या मापाच्या करताना. तुम्हाला खोटं सांगितलं."

ते फळीकडेच बघत होते. "पटाशीची खाच पान्यात जाते व्हय, भाऊ? आनि करवतीचं टोक मला वळखू येत न्हाय? तवाच कळलं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"नाखवा बसला व्हता ना. त्याच्याम्होरं तुमची सरकारी अब्रू कशाला काढू? तुमी तरणे, नोकरीतले." मग थोडं हसून म्हणाले, "वाटलं, जाताना धक्क्यावर सांगाल. तितवर आलो पन व्हतो तुमच्या मागनं. तुमी बोटीत चढलात."

मी त्या चिखलातल्या कण्याची चौकशी केली. कणा सहा पावसाळे चिखलात तसाच पडून होता. मग काशीदला एका लॉजवाल्याने विकत नेला. बाहेर बसायला बाक केला आहे. "परवा पोरगा बगून आला. एक भोक न्हाय म्हनला. मानसं वर बसून वडापाव खातात," मिस्त्री म्हणाले. वल्ह्यावरून हात फिरवला आणि पुन्हा म्हणाले, "एक भोक न्हाय."

मी नोंदवही उघडली. ऐनाच्या पानावर, उजवीकडच्या कोऱ्या जागेत, पट्टीने दोन उभे रकाने आखले. एक खाचांचा, एक तोडणीच्या तिथीचा. क्रमांक सातपुढे लिहिलं: दोन खाचा. मिस्त्रींची स्वतःची तोडणी. एक पावसाळा चिखलात. मग विचारलं, "तिथी सांगा."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, थांबले, पुन्हा मोजलं.

"वद्य व्हतं, येवढं नक्की. तिथी... न्हाय येत आता ध्यानात. तवा इचारली आसती तर वारासकट सांगितली आसती."

"साधारण? दशमी, एकादशी?"

"आंदाजानं नका लिवू," ते जवळजवळ रागावून म्हणाले. "तुमी मोजमापाचे मानूस ना? कोरं ठेवा."

मी कोरं ठेवलं.

"आनि बाकीच्या अकरा?" त्यांनी विचारलं.

"त्यांचं काही सांगता येत नाही."

"का येत न्हाय, त्ये बी लिवा."

मी लिहिलं. उरलेल्या अकरा फळ्यांची माहिती नाही, कारण खुणा असलेली टोकं मी कापली आणि जाळली. खाली सही केली, त्या दिवसाची तारीख घातली. त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. त्यांनी मान हलवली आणि फळी परत दिली. तुकडा मात्र स्वतःकडे ठेवला. म्हणाले, ह्यो माझा हाय.

फाटकावर परत नोंद करताना मी लिहिलं: नोंदवही एक, फळी एक. तुकडा नेताना लिहिला नव्हता, त्यामुळे तो परत आला नाही याची नोंद करावी लागली नाही.